चढाईला दुसरा गडी कधी तयार करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चोपडा असो, शिरपूर असो की शहादा, कबड्डीचा सामना असला की आपल्याकडे मैदानाच्या कडेला दाटी होते. आणि चढाई फसली की त्या दाटीतून ठरलेली ओरड येते, ‘काय करी ऱ्हायना रे भो!’ ही ओरड मुख्य चढाईपटूच्या नावाने असते. आम्हालाही राग येतो. आपल्या संघांची पकड चांगली आहे, कोपरे म्हणजे कडेचे बचावपटू मजबूत आहेत, तरी सामने हातचे जातात ते चढाईत गुण मिळत नाहीत म्हणून. पण सगळा राग त्या एका पोरावर काढणे अन्यायाचे आहे. त्याला त्याच त्या पद्धतीने आत पाठवणाऱ्या आणि त्याच्या जोडीला दुसरा गडी तयार न करणाऱ्या प्रशिक्षकांना प्रश्न विचारायला हवेत.

फसलेली चढाई नीट पाहिली तर चूक कुठे होते ते दिसते. चढाईला ३० सेकंद मिळतात. त्यातली पहिली पंधरा मध्यरेषेजवळ हात फिरवण्यात जातात. मग निदान रेषा आठवते. पुरुषांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून ३.७५ मीटर आत असते आणि गडी न टिपता, ती न ओलांडता परत आले तर चढाईपटू बाद. त्यामुळे घाई होते. अंग पुढे झुकते, सगळे वजन पुढच्या पायावर येते. दर वेळी डावीकडूनच शिरायची सवय असल्याने समोरच्या संघाचा उजवा कोपरा नेमक्या याच पावलाची वाट पाहत बसलेला असतो. त्याने घोटा धरला की शेजारचा कमरेला बिलगतो आणि साखळीतला तिसरा गडी मध्यरेषेकडची वाट बंद करतो. यात ताकदीचा प्रश्न नाही. निदान रेषा पहिल्या आठ-दहा सेकंदांत, वजन मागच्या पायावर ठेवून, आखूड पावलाने ओलांडून मोकळे व्हायचे आणि उरलेली वीस सेकंदे गडी टिपायला वापरायची, हे त्याच्याकडून घोटून घेतलेले नाही.

बोनसचेही तेच. जादा गुण देणारी बोनस रेषा निदान रेषेच्या एक मीटर पुढे. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो, आणि पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो. आपल्याकडचे अनेक चढाईपटू मागचा पाय घासत नेतात, पंच गुण देत नाहीत, आणि प्रेक्षक पंचांवर चिडतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बोनसने गुण मिळतो, पण आपला बाद झालेला गडी जिवंत होत नाही, म्हणजे मैदानात परत येत नाही. गुणफलक हलता दिसतो आणि मैदानात मात्र चारच गडी उरलेले असतात. समोरचे गडी पाचवर आले की बोनसची वाट बंद. मग ज्याला फक्त बोनस येतो तो करणार काय?

गडी ज्या क्रमाने बाद होतात त्याच क्रमाने परत येतात, आणि इथेच एका चढाईपटूवर उभा असलेला संघ कोसळतो. समजा आपले दोघे आधीच बाहेर आहेत आणि तिसरा मुख्य चढाईपटू पकडला गेला. तो परत यायला आता तीन गडी जिवंत करावे लागतील. पकडीतून एखादा येईल. बाकीचे टिपून कोणी आणायचे? आत उरलेत ते कोपरारक्षक आणि मध्यरक्षक. सरावात चढाई कधी न केलेला कोपरारक्षक ऐन सामन्यात आत जातो, निदान रेषा ओलांडून परत येतो, आणि रिकाम्या, म्हणजे गुण न मिळालेल्या चढायांची रांग लागते. थोड्या वेळात सगळा संघ बाद होऊन लोण चढतो, दोन गुण जास्तीचे जातात. मुख्य चढाईपटू कडेला बसून हे सगळे पाहत असतो आणि शिव्या मात्र त्यालाच पडतात. एका बैलावर औत ओढायला लावायचे आणि तो थकला म्हणून त्यालाच चाबूक, असा हा प्रकार आहे.

तिसऱ्या चढाईवर विसंबण्याचा डावही आता सोडायला हवा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. आघाडी असेल तेव्हा वेळ काढायला हे ठीक. पिछाडीवर असताना मुद्दाम दोन चढाया रिकाम्या घालवणे म्हणजे समोरच्या सात जणांना आधीच सांगून ठेवणे की आता हा आत येणारच. शिवाय प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंद खाऊ लागली तर ४० मिनिटांच्या सामन्यात एका संघाच्या वाट्याला जेमतेम ४० चढाया येतात. त्यातल्या दोन-तृतीयांश वाया घालवणे आपल्याला परवडते का?

एकट्या नावावर सामने निघत नाहीत, हे मोठ्या मैदानावरही दिसले आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताकडे नावाजलेले चढाईपटू होते, तरी उपांत्य सामन्यात इराणच्या पकडीपुढे आपण १८-२७ असे हरलो. प्रो कबड्डीच्या २०१७ च्या हंगामात परदीप नरवालने चढाईत ३६९ गुण घेतले. ते सगळ्यांना आठवतात, पण त्याच पाटण्याच्या संघात जोडीला मोनू गोयतसारखा चढाईपटू होता हे कोणी सांगत नाही. पुणेरी पलटण २०२४ मध्ये विजेती झाली तेव्हा चढाईला अस्लम इनामदार होता, मोहित गोयत होता, पंकज मोहिते होता. एक बाद झाला तर दुसरा आत जायला तयार.

आपल्याकडच्या सरावात पळणे, दंड-बैठका आणि मग सात विरुद्ध सात असा पूर्ण सामना, एवढेच चालते. चढाईचा वेगळा सराव जवळजवळ नसतोच. तो असा घेता येईल. समोर सात, मग पाच, मग तीन गडी उभे करायचे. प्रत्येक चढाई शिट्टीवर ३० सेकंदांची, दम मोठ्याने आणि अखंड. नेहमी डावीकडून शिरणाऱ्याला निम्म्या चढाया उजवीकडूनच करायला लावायच्या. तीन गड्यांसमोरचा सराव विशेष महत्त्वाचा, कारण तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी धरले तर त्या अव्वल पकडीचे दोन गुण जातात, आणि जिंकत आलेला सामना अनेकदा तिथेच फिरतो. मैदान मातीचे आणि स्पर्धा मॅटवर असेल तर बूट घालून वळण्याचा सरावही हवा. मातीत पाय घसरवून वळता येते, मॅटवर तळवा चिकटतो आणि गुडघा मुरगळतो.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. राखीव गड्यांपैकी एकाने प्रत्येक चढाई लिहायची: कोण गेला, कोणत्या बाजूने शिरला, समोर किती गडी होते, किती सेकंद लागले, काय मिळाले. चार सामन्यांची वही समोर ठेवली तर पोराचा दोष किती आणि डावाचा किती, हे प्रशिक्षकांनाही दिसेल आणि आम्हा प्रेक्षकांनाही. मध्यंतराआधी दोन आणि नंतर दोन असे टाइमआउट मिळतात. त्या ३० सेकंदांत ‘जोर लावा’ असे ओरडण्याऐवजी ‘उजवा कोपरा पुढे येतोय, डावीकडून जाऊ नको’ एवढे सांगता आले तरी खूप.

येत्या निवड चाचण्यांत निवड समित्यांनी प्रत्येक संघात निदान तीन खरे चढाईपटू घ्यावेत, त्यातला एक तरी उजवीकडून शिरणारा असावा, आणि शिबिरातला रोजचा एक तास फक्त चढाईसाठी राखून ठेवावा.

आपले,
काही कबड्डीप्रेमी प्रेक्षक, अमळनेर (जि. जळगाव)