सहाव्या जिझोची टोपी

पुणे, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय शैले,

दिवाळीपासून तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत. तुझे दोन फोन आले ते घेतले नाहीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते अंगठे पाठवत राहिले. रागव, तुझा हक्कच आहे. तब्येत बरी. गोळी चालू आहे, आईचा गुडघा होता तसाच आहे.

लिहायला बसले कारण तासाभरापूर्वी एक गोष्ट वाचून संपवली आणि मला रडू आलं. या घरात ते सांगून कुणाला काही कळणार नाही. गोष्ट कासाजिझोची, ती जपानी लोककथा. हो, तीच. म्हातारा वर्षाच्या शेवटच्या दिवशी गवताच्या टोप्या विकायला बाजारात जातो, एकही खपत नाही, परतताना बर्फात उभे सहा जिझो, म्हणजे वाटेवरच्या देवाच्या दगडी मूर्ती, दिसतात. टोप्या पाचच. मग सहाव्याला तो स्वतःच्या डोक्याचं फडकं सोडून बांधतो. वर्गात ही गोष्ट मराठीतून मीच कितीदा सांगितली असेल! पण जपानीतून आज पहिल्यांदा ती माझ्यासमोर घडली. शब्दकोश उघडला नाही, पेन्सिल हातात घेतली नाही.

त्यात एक शब्द होता, 'शिनशिन'. युकी गा शिनशिन तो फुत्ते इमासु, बर्फ शिनशिन पडतोय. शब्द पाठ करायच्या माझ्या एकाही कार्डावर तो नव्हता. सवयीने हात शब्दकोशाकडे गेला, तो मागे घेतला. चित्रात पांढरं शेत, वाटेवर चिटपाखरू नाही. दोन पानांनी पुन्हा शिनशिन. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हातारा-म्हातारी उपाशीपोटी झोपलेली होती आणि बाहेर बर्फ पडतच होता. तेव्हा उमगलं: जराही आवाज न करता पडत राहणाऱ्या बर्फाचा तो आवाज. आपल्याकडे पावसाला रिमझिम आहे, टपटप आहे, पण हे कुठून असणार? आता हा शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तो पाठ केलेला नाही.

कळलं ना, काय म्हणतेय ते? गुडलकमध्ये बनमस्का खाताना झालेलं आपलं भांडण आठव. तू अडलेले शब्द सोडून पुढे वाचत सुटायचीस आणि मी म्हणायचे, ही चोरी आहे. तुझ्या हातातून पुस्तक ओढून घेतलं होतं मी. तू आठ दिवस बोलली नाहीस. शैले, तुझं बरोबर होतं. हे वीस वर्षांनी सांगतेय, पण अगदी मनापासून सांगतेय.

जपानी लोक याला तादोकू म्हणतात. ता म्हणजे पुष्कळ, दोकू म्हणजे वाचन. नियम चारच: सोप्यापासून सुरू करायचं, शब्दकोश बघायचा नाही, अडलं ते सोडून पुढे जायचं, आणि पुस्तक जमेनासं झालं की खुशाल ठेवून दुसरं घ्यायचं. पुस्तकांना पातळ्या असतात. शून्य आणि पहिल्या पातळीला साधारण ३५० शब्द, चौथीपर्यंत १३००. प्रत्येक कांजीवर, म्हणजे चिनी चित्राक्षरावर, त्याचा उच्चार बारीक हिरागाना अक्षरांत. मी जूनमध्ये शून्यापासून सुरुवात केली. बोटभर जाडीचंही पुस्तक नाही, सोळा-सोळा पानं, आणि लाज बिलकुल वाटली नाही. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक पॉल नेशन म्हणतात की मजकुरातले १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे असले तरच उरलेले दोन आपोआप उलगडतात. आपण काय करत होतो? ७० ओळखीचे असलेला उतारा घेऊन एकेक शब्द फोडत बसायचो आणि त्याला अभ्यास म्हणायचो. आणि ही कल्पना आपल्याकडे नवीही नाही! मायकल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याला शिकवत होते, तेव्हा १९२० च्या दशकात त्यांनी बंगाली मुलांसाठी मोजक्या इंग्रजी शब्दांची वाचनमाला केली होती.

आता मूळ दुखणं. मागच्या डिसेंबरच्या जपानी भाषेच्या परीक्षेत माझी एक विद्यार्थिनी एन-थ्री, म्हणजे मधली पातळी, पास झाली. हुशार, कष्टाळू, पेढे घेऊन घरी आली होती. मे महिन्यात पुन्हा आली ती डोळे सुजवून. मुलाखतीत तिला एक साधी मेल वाचायला दिली होती. शब्द तिला जवळजवळ सगळे येत होते. पण ती कार्डं उलटल्यासारखी वाचत गेली, वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली. आणि नकार शेवटीच येतो ना, आपल्या मराठीसारखाच! माल सोमवारी पाठवता येणार नाही असं लिहिलं होतं, तिने पाठवतील असं सांगितलं. मला म्हणाली, "सेन्सेई (बाई), मला येतं असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

शैले, त्या दिवसापासून झोप नीट नाही. कार्डं तिला मीच दिली होती. परीक्षेत बोलणं नाही, लिहिणं नाही, पर्यायातला एक गोल काळा करायचा. त्यासाठी मी तिला उत्तम तयार केलं आणि वाचायला शिकवलंच नाही.

पुढच्या शनिवारी नवी बॅच सुरू होते. माझ्या मनात आहे की प्रत्येक तासाची पहिली वीस मिनिटं नुसतं वाचायचं. क्लास चालवणारे सर म्हणतात, पोर्शन पुरा कोण करणार, पालक निकाल विचारतात. त्यांचंही खोटं नाही. मुलांनी फी परीक्षेसाठी भरलीय. दुसऱ्याच्या पैशावर माझी खात्री पारखून बघायचा मला अधिकार आहे का? उद्या चार पोरं नापास झाली तर त्यांना काय सांगू, तुम्हाला बर्फाचा आवाज कळला ना? पण मग ती मुलगी समोर येते. रोज असंच मागे-पुढे चाललंय.

एकच धीर आहे. मराठी पोरांना हे जड जाऊ नये. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला मागून. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणं, योंदे मिरु म्हणजे वाचून बघणं, शब्दाला शब्द! हे सांगितल्यावर वर्गाचे चेहरे कसे खुलतात, तू पाहिलंयस.

तुझं कसं चाललंय? बंगळूरचं नवं ऑफिस जवळ आहे ना? चिन्मयच्या बारावीचं फार मनावर घेऊ नकोस. आणि तानाकासानच्या तान्ह्या बाळाला तू कावाई म्हणायचं सोडून कोवाई म्हणालीस, गोंडसचं भीतीदायक केलंस, तो किस्सा मी दर बॅचला सांगते. अजून वर्ग कोसळतो. नाव तुझंच घेते.

एक काम कर. कासाजिझो तुझ्या आवाजात वाचून मला पाठव. सावकाश, तू पूर्वी वाचायचीस तशी. पहिल्या तासाला मला ते ऐकवायचंय. आणि शुक्रवारपर्यंत कळव, सरांशी भांडू की नको. तू 'भांड' म्हणालीस तर भांडेन.

तुझी,
मेधी

ता. क. तुझी जुनी वही माझ्याकडेच आहे. समासात शब्दार्थ एकही नाही, नुसती म्हाताऱ्याची चित्रं.