फोनवर बोलले ते

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास, त्यानंतर दोनदा लावायला घेतला आणि दोनदा राहू दिला. बोलायला लागले की पुन्हा तेच बोलेन, म्हणून लिहिते आहे.

"दुसरं कुणी नव्हतं का ड्रेसिंगला? तुलाच कशाला पुढे व्हायचं होतं?" एकतीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईच्या तोंडून हे गेलं. त्या एचआयव्ही असलेल्या माणसाचं ऑपरेशन दोन दिवस मागे ढकललं, कॉटवर सगळ्यांना दिसेल असा 'पॉझिटिव्ह'चा कागद लावला, तो तू काढलास आणि मॅडमची बोलणी खाल्लीस. हे ऐकून मी आधी शाबास म्हणायला हवं होतं. आधी सुई आठवली.

सुईला टोपण परत लावू नकोस. सरळ सुई तोडायच्या कटरमध्ये. टोचलीच तर बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण आणि वाहतं पाणी. लागण रोखायची गोळी शक्यतो दोन तासांत, बहात्तर तासांच्या पुढे उपयोग नाही, आणि पुरे 28 दिवस घ्यायची. अशा टोचण्यातून हा आजार हजारात तिघांना होतो, कावीळ ब त्याहून कितीतरी जास्त. त्या लसीचा तिसरा डोस झाला का तुझा?

बघ, पुन्हा शिकवायला लागले. डॉक्टर तू होते आहेस. माफ कर.

पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 1997. दादाच्या वेळी मला सातवा होता आणि ड्यूटी लेबर रूमला. रात्री एक बाई आली, केसपेपरवर लाल शाईने लिहिलेलं. मी पोटावर हात ठेवून दारातच उभी राहिले. तिथून सूचना देत होते. बाळ झेललं ते मावशींनी, त्यांना कुणी धड हातमोजेही दिले नव्हते. बाई पाणी मागत होती, तर मी म्हटलं, प्लास्टिकच्या ग्लासात द्या आणि ग्लास टाकून द्या. तिला ऐकू जाईल असं म्हटलं.

सकाळी ती नळावर स्वतःची चादर धूत होती. टाके घातलेली बाई. मला बघून म्हणाली, "सिस्टर, मी बाळाला जवळ घेतलं तर चालेल ना?" मी उत्तर दिलं नाही. मला माहीत होतं, चालतं म्हणून. तरी मी पुढे निघून गेले.

तेव्हा सरकारी दवाखान्यात तिला द्यायला औषध नव्हतं, फुकटच्या गोळ्या 2004 पासून सुरू झाल्या. पण शब्द तर होता माझ्याजवळ. आता रोज एक गोळी घेऊन माणसं नातवंडं खेळवतात, रक्तात विषाणू सापडेनासा झाला की जोडीदारालाही लागण होत नाही, भेदभाव करायचा नाही असा 2017 चा कायदा आहे, तरी कॉटवर कागद लागतोच. लावणारे वाईट नसतात गं. मीही वाईट नव्हते. घाबरले होते, आणि माझी भीती मी त्या बाईच्या अंगावर टाकली. हातमोजे, कटर, गोळ्या वॉर्डात असायला हव्यात, हे मागायचं प्रशासनाकडे. तोही कायदाच आहे. आम्ही कधी मागितलं नाही. कुणाची तपासणीच झालेली नसते, म्हणून काळजी सगळ्याच पेशंटना सारखी घ्यायची, हे तू मला फोनवर सांगत होतीस आणि मी मध्येच तोडलं.

अण्णांना तुझा पराक्रम सांगितला. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्यांना सांगून आले.

त्या माणसाचं ऑपरेशन झालं का? त्याच्याजवळ कुणी आहे का रात्री? आणि तू ऑपरेशन थिएटरमध्ये त्या पट्ट्याच्या चपला घालतेस ना, फोटोत दिसल्या मला. सुई वरून पायावरही पडते. पुढून बंद असलेले बूट पाठवते आहे, सहा नंबर. रागावली असलीस तरी घाल.

तुझी,
आई