फरसबीवरचं झाकण काढ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला फरसबीचा फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, "छान दिसतेय की!" ती आई आहे, ती असंच म्हणणार. मी मात्र चष्मा लावून, फोटो मोठा करून पाहिला. शेंगा शेवाळी झालेल्या, कढईच्या तळाशी पाणी साठलेलं आणि बाजूला ठेवलेल्या झाकणाला आतून टपोरे थेंब लटकलेले. "बाबा, रंगही जातो आणि वर गिळगिळीत होते," ही तुझी तक्रार आहे ना, तिचं उत्तर त्या झाकणातच आहे. फोनवर सांगायला बसलो असतो तर "हो बाबा, हो बाबा" करून तू विषय संपवला असतास. म्हणून लिहून पाठवतोय.

आधी रंगाचं बघू. फरसबी गरम पाण्यात पडली की पहिल्या मिनिटभरात जास्तच हिरवीगार दिसायला लागते, हे तू पाहिलं असशील. पेशींच्या मधे अडकलेली हवा बाहेर पडते आणि खालचा रंग उघडा पडतो, म्हणून तसं होतं. इथून पुढे मात्र उतार लागतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. शेंग तापत गेली की तिच्या पेशींतली आम्लं मोकळी सुटतात, ती या मॅग्नेशियमला हुसकावून लावतात आणि त्या जागी हायड्रोजन येऊन बसतो. मॅग्नेशियम गेलं की हिरवा रंग मरगळतो. साधारण 5 ते 7 मिनिटं हा प्रकार फारसा जाणवत नाही, त्यानंतर झपाट्याने दिसायला लागतो. यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जाणारी असतात. भांडं उघडं असेल तर ती निघून जातात. झाकण असेल तर वर जाऊन थेंब होऊन परत शेंगांवरच पडतात. म्हणजे तू 15 मिनिटं झाकण ठेवलंस तेव्हा तिला तिच्याच आम्लात शिजवत होतास.

झाकण अजिबात ठेवू नये असं मात्र नाही. ते 3 मिनिटं ठेवायचं आणि काढायचं.

कामावरून आल्यावर पटकन करायची असेल तर माझी पद्धत अशी. पाव किलो फरसबी दोघांना तोंडीलावणं म्हणून पुरते. पसरट पॅन घे, खोल कढई नको. शेंगा शक्यतो एकाच थरात बसल्या पाहिजेत, एकीवर एक चढल्या की खालच्या तळल्या जातात आणि वरच्या नुसत्या वाफवतात. पॅनमध्ये शेंगा, पाव कप पाणी, पाव चमचा मीठ (चहाचा चमचा, जेवणाचा नव्हे) आणि चमचाभर तेल असं सगळं एकदमच घाल. आच मोठी. पाणी खळखळायला लागलं की झाकण ठेव आणि तिथेच उभा राहा. 3 मिनिटांनी झाकण काढून एक शेंग चमच्याने उचल, फुंकर मारून खाऊन बघ. दाताला थोडी लागली पाहिजे, पण चावताना दातांवर करकर आवाज आला तर ती अजून कच्ची आहे. जाड शेंगांना आणखी दीड-दोन मिनिटं लागतील. आता झाकण नको. पाणी आटू दे.

पाणी संपत आलं की आवाज बदलतो. आधी बुडबुड्यांचा जाड आवाज असतो, मग तो बारीक होत जातो आणि शेवटी नुसतं चर्र ऐकू येतं. पाणी संपलं, आता तेलाचं काम सुरू झालं, असा त्याचा अर्थ. या क्षणी शेंगा कडेला सरकव, पॅन थोडा तिरका करून मधे मोकळ्या झालेल्या जागेत तेल गोळा कर आणि पातळ चिरलेल्या 3-4 लसूणपाकळ्या त्यात टाक. लसूण आधी कधीच नको. पाण्यात घातली तर नुसती उकडते, कोरड्या गरम तेलात पहिल्यापासून घातली तर शेंगा शिजेस्तोवर जळून कडू होते. अर्ध्या मिनिटात कडा सोनेरी दिसल्या की सगळं एकत्र परतून मिनिटभर ठेव. एखाद-दुसऱ्या शेंगेवर तपकिरी डाग पडला की गॅस बंद. सगळं मिळून 8-9 मिनिटांचं काम आहे, त्यातली शेवटची दोन मोबाईल खाली ठेवून करायची.

लिंबू आवडत असेल तर ताटात वाढल्यावर पिळ. पॅनमध्ये पिळलंस तर वर सांगितलेली आम्लाची गोष्ट पुन्हा सुरू, आणि ती बाहेरून. आंबटाचा दुसराही त्रास आहे. शेंगेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहजी सुटत नाही. म्हणून टोमॅटोबरोबर शिजत टाकलेली फरसबी कितीही वेळ ठेवली तरी दडसच लागते. टोमॅटो घालायचाच असेल तर शेंगा आधी शिजवून घे. याच्या बरोबर उलट, चिमूटभर खायचा सोडा टाक म्हणून कोणीतरी तुला सांगेलच. टाकू नकोस. रंग पाचूसारखा राहतो हे खरं, पण सालीचा लगदा होतो आणि सी व बी-1 ही जीवनसत्त्वंही सोड्याने बरीच जातात.

पाहुणे येणार असतील आणि आधी करून ठेवायची असेल तर मोठ्या पातेल्यात उकळलेलं पाणी बरं. 1 लिटरला दोन चहाचे चमचे मीठ. पाणी खळखळत असतानाच शेंगा टाकायच्या, गार पाण्यात टाकून तापवत बसायचं नाही. झाकण नाही. बारीक शेंगा 3-4 मिनिटं, जाड असतील तर 5-6. मग चाळणीत ओतून बर्फाच्या पाण्यात टाकायच्या, कारण बाहेर काढल्यावरही त्या आतल्या उष्णतेने शिजत राहतात. बर्फ नसेल तर मोठ्या ताटात एकेरी पसरून ठेव, तेवढ्यानेही काम भागतं. उलट बर्फाच्या पाण्यात विसरून राहिल्या तर शेंगा पाणचट होतात, म्हणून गार होताच काढ आणि फडक्यावर कोरड्या कर. जेवायच्या वेळी गरम तेलात किंवा लोण्यात दोन मिनिटं परतल्या, वर मिरपूड घातली की झालं.

आता आईची बाजू, नाहीतर पत्र वाचून ती रागवेल. तिला फरसबी मऊच आवडते आणि तिचं म्हणणं चूक नाही. भरपूर तेल, कांदा, अगदी मंद आच आणि 40-45 मिनिटं, अशी शिजवली की रंग पार जातो पण चव गोड आणि भरीव होते. जून शेंगांना तर तीच पद्धत लागू पडते. वाईट असतं ते मधलं. 12-15 मिनिटं शिजवलेल्या फरसबीचा रंगही गेलेला असतो, कुरकुरीतपणाही गेलेला असतो आणि बदल्यात चव काहीच आलेली नसते. ना धड इकडची, ना तिकडची. तेव्हा वेळ नसेल तर लवकर उतरव, वेळ असेल तर भरपूर दे.

एका गोष्टीत मात्र मला तडजोड नको. कच्ची फरसबी सॅलडमध्ये चिरून खायची नाही. राजमा आणि फरसबी ही एकाच वनस्पतीची रूपं. कोवळी शेंग खाल्ली तर फरसबी, बी पिकवून वाळवलं तर राजमा. दोन्हींत लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. राजम्यात ते खूप जास्त असतं, पण कच्च्या शेंगेतही असतंच. पोटात मळमळ, उलट्या, जुलाब असा त्याचा प्रसाद मिळतो. नीट उकळी मिळाली की ते निकामी होतं. कोमट पाण्यात तासभर ठेवून ते जात नाही, उकळीच लागते. राजम्याला तर आधी भिजवणं, ते पाणी फेकणं आणि मग चांगलं उकळणं हे सगळंच आलं.

घेताना एक शेंग मोडून बघ. कट्कन मोडली आणि तुटलेल्या जागी पाणी चमकलं तर ताजी. वाकली पण मोडली नाही तर ती शिळी, पुढे जा. बाहेरून आतल्या बिया मोजता येत असतील तर जून झाली. जाडीला घाबरू नकोस, काही जातीच जाड असतात. एकाच जाडीच्या निवडून घे म्हणजे एकाच वेळी शिजतील, एवढं पुरे. शिरा काढायचं काम हल्ली जवळपास उरलेलं नाही. अमेरिकेत कॅल्विन कीनी नावाच्या गृहस्थाने 1894 साली बिनशिरेची जात तयार केली, तेव्हापासून हा व्याप कमी होत गेला. तरी देठ मोडून खाली ओढून बघ, एखादीला शीर निघतेच. ती राहिली तर कितीही शिजवलंस तरी दातात अडकणार. देठाकडचं टोक काढायचं, शेपटीकडचं निमुळतं टोक कोवळं असेल तर तसंच राहू दे. सगळ्या शेंगांची देठं एका बाजूला लावून पाटावर ठेवलीस की सुरीच्या एका फटक्यात दहा-बारा उडतात.

बाजारात कधी जांभळी फरसबी दिसली तर हौसेने जास्त पैसे देऊ नकोस. शिजली की जांभळा रंग जातो आणि खालची हिरवीच वर येते.

आणल्यावर धुऊन ठेवू नकोस. कोरडी, कागदात गुंडाळून, पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेव, वरच्या थंडगार फळीवर नाही. ही मूळची उबदार हवामानातली वनस्पती, 5 अंशांच्या खाली काही दिवस राहिली तर सालीवर खड्डे आणि तांबूस डाग पडतात. चार-पाच दिवसांत संपव. जमणार नसेल तर 3 मिनिटं उकळत्या पाण्यातून काढ, गार कर, अगदी कोरडी पूस आणि ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेव. दगडासारखी झाली की पिशवीत भर. करताना बाहेर काढून वितळवत बसू नकोस, बर्फासकट गरम पॅनमध्ये टाक आणि त्या वेळी वरून पाणी घालू नकोस, तिचं तिला पुरतं.

तुझा,
बाबा

ता. क. : आई विचारतेय, तुझ्या सुरीला धार आहे का? नसेल तर बोथट सुरीने रेटत बसू नकोस, हाताने मोड. फरसबी हाताने छान मोडते.