‘लिसन’ श्रवणातून निघालेला नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या शब्दांवरच्या लेखात ‘इंग्रजीतला लिसन आपल्या श्रवणातूनच निघाला’ असं ठोकून दिलं आहे. नातं आहे, पण आई-लेकीचं नाही.

जुन्या इंग्रजीत ऐकण्याला ‘ह्लिस्तन’ म्हणत. सुरुवातीचा ‘ह’ झडला, ‘लिस्ट’ उरला. हॅम्लेटच्या बापाचं भूत ‘लिस्ट, लिस्ट, ओ लिस्ट’ म्हणतं, तो हाच. वर्गात हा प्रवेश आला की मागच्या बाकावरून हमखास ‘कसली यादी?’ असं यायचं. यादीचा लिस्ट वेगळा, फ्रेंचमधून आलेला. त्याचा मूळ अर्थ काठ, पट्टी. ‘लिसन’मधला मुका ‘टी’ हीसुद्धा या जुन्या लिस्टचीच करणी असावी. लिसनचं मूळ रूप ‘ह्लिस्नन’. त्यात ‘त’ नव्हताच. शेजारच्या शब्दाचं बघून तो आत शिरला आणि पिढ्यान्पिढ्या पोरांचे स्पेलिंगचे गुण खात बसला.

आता संस्कृतचं. संस्कृत, ग्रीक, इंग्रजी या साऱ्यांच्या सामायिक पूर्वज भाषेतल्या ‘क’चा जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) ‘ह’ होतो, हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. त्याच जागी संस्कृतात बऱ्याचदा ‘श’ दिसतो: शत आणि हंड्रेड, श्वान आणि हाउंड. तसेच ‘श्रु’ आणि ‘ह्लि’. इथवर लेखकाचं बरोबर. पण पुढचं अक्षर पाहा. ग्रीक ‘क्लुतोस’ आणि लॅटिन ‘इन्क्लुतुस’ म्हणजे नामवंत, ज्याच्याविषयी लोक ऐकून असतात तो. रशियन ‘स्लुशात्’ म्हणजे ऐकणं. या सगळ्यांत ‘ल’, ‘र’ मात्र आपल्याकडे. म्हणजे मूळ ध्वनी ‘ल’ होता आणि बदल संस्कृतच्या बाजूला झाला. इंग्रजीने हा शब्द संस्कृतातून उचलला असता, तर त्यात ‘र’ सापडायला हवा होता.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलाही नसेल, असं संस्कृतचे अभ्यासक असलेले ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्स १७८६ मध्ये कलकत्त्यात बोलून गेले. तरी ‘सगळं आमच्याकडून गेलं’ हे फॉरवर्ड काही थांबत नाही. व्हॉट्सॲपवर चालतं ते चालू दे, पुरवणीत तरी नको.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा उरलीच तर ‘लाउड’चाही उल्लेख करावा. तो जुन्या इंग्रजीतला ‘ह्लूद’, म्हणजे आपल्या ‘श्रुत’चा सख्खा भाऊबंद.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, मिरज