रुबेलाच्या लसीपासून राहून गेलेल्या मुली

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घाटंजी तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून केलेल्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी एक बाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दिवाळीनंतर बाळंतिणीच्या भेटीस गेले, तेव्हा त्याच्या दोन्ही बुबुळांच्या मध्यभागी दुधाळ ठिपका होता आणि चुलीपाशी गंज दणकन पडला तरी ते दचकले नाही. सासूबाईंचे म्हणणे, ‘सुनेनं ग्रहण पाळलं नाही.’ सून मात्र हळूच म्हणाली की, शिमग्याच्या सुमारास हरभरा सोंगायला जात असताना तिच्या अंगावर दोन-तीन दिवस बारीक पुरळ होते, कानामागे गाठी आल्या होत्या आणि तेव्हा दुसरा महिना सुरू होता. तिच्या कार्डावर नोंद होती, ती फक्त ‘ताप’ एवढीच. पुढे तपासणीत मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचा दोष असे तिन्ही निघाले आणि कारण ठरले रुबेला.

ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी अशाच बाळांच्या मोतीबिंदूचा मातांच्या रुबेलाशी असलेला संबंध १९४१ मध्येच दाखवून दिला होता. आईला सौम्य वाटणारा हा विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो आणि पहिल्या १२ आठवड्यांत लागण झाल्यास बाळाला बाधा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. कित्येकींना तर पुरळही उठत नाही, त्यामुळे घरच्यांना काही कळतच नाही.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना लस मिळाली. मोहीम चांगलीच होती. शाळाशाळांतून आम्ही ती राबवली. परंतु त्या वेळी पंधरा वर्षे ओलांडलेल्या मुली राहून गेल्या आणि आज आमच्या खेड्यांत नव्या सुना म्हणून येणाऱ्यांत, पहिलटकरणींत त्यांची संख्या थोडीथोडकी नाही. ही लस गरोदरपणी देता येत नाही आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. म्हणजे ती लग्नाआधी किंवा लग्न होताच द्यायला हवी.

आशाताई नव्या सुनेचे नाव जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीत लिहितात, त्याच भेटीत ‘लस झाली का’ हे विचारले जावे आणि झाली नसल्यास उपकेंद्रातच ती मोफत मिळावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. तोवर निदान गरोदर मातेच्या कार्डावर ‘ताप’ या शब्दापुढे ‘पुरळ होते का?’ आणि ‘कितवा महिना?’ हे दोन रकाने तरी छापावेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ