‘हम होंगे कामयाब’मधला ‘हम’ तंबाखू कामगार बायांचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत मी ३१ वर्षे शिकवले. २६ जानेवारी असो की स्नेहसंमेलन, शेवटी मुले एकमेकांचे हात धरून ‘हम होंगे कामयाब’ म्हणायची. हे स्वातंत्र्यलढ्यातले गाणे आहे, असे मी मुलांना कितीतरी वेळा सांगितले असेल. चुकीचेच सांगितले, याची आता फार रुखरुख लागते.

गेल्या महिन्यात नातीने विचारले, “आजी, याला चाल कोणी लावली?” उत्तर येईना, म्हणून वाचायला बसले.

हिंदी शब्द कवी गिरिजाकुमार माथुर यांचे. ते ज्या ‘वुई शॅल ओव्हरकम’वरून आले, ते गाणे अमेरिकेतले, आणि त्याची चाल कोणा एका संगीतकाराची नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनांतून ती घडत आली. माणसे जिथे उभी करून विकली जात, त्या लिलावाच्या चौथऱ्यावर आता पुन्हा चढणार नाही, असे सांगणारे गुलामगिरीच्या काळातले एक गाणे आहे. ‘वुई शॅल ओव्हरकम’च्या चालीच्या सुरुवातीचे सूर त्या गाण्याशी जुळतात.

पुढचे वाचताना मात्र डोळे भरून आले. १९४५च्या ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन गावी सिगार कारखान्यातल्या कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप केला. त्यात कृष्णवर्णीय बायाच जास्त. थंडीपावसात महिनोन् महिने त्या कारखान्याच्या दाराशी उभ्या राहायच्या. दिवस संपला, घरी निघायची वेळ झाली, की ल्युसिल सिमन्स नावाची कामगार हे गाणे अगदी संथ लयीत उचलायची. भजनात ‘मी’ होता. या बायांनी त्या ‘मी’चा ‘आम्ही’ केला. आपल्या मुलांच्या तोंडचा ‘हम’ तो हाच!

संपातल्या बायांकडून टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या झिल्फिया हॉर्टन हे गाणे शिकल्या, त्यांच्याकडून लोकगायक पीट सीगर. पुढे ते नागरी हक्कांच्या चळवळीचे गाणे झाले.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया विड्या वळायच्या. पालकसभेला बोलावले तर म्हणायच्या, “बाई, आज माल द्यायचाय.” घरी गेले की मांडीवर सूप, सुपात कातरलेली पाने आणि तंबाखूची चुरी. माझ्याशी बोलतानाही बोटे थांबत नसत, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. त्यांच्या मुलींच्या केसांनाही तो तंबाखूचा उग्र वास असे. शाळेच्या मैदानात मुले हे गाणे म्हणत तेव्हा या आया कुंपणापाशी उभ्या राहून ऐकायच्या. आपल्यासारख्याच तंबाखूत हात घालणाऱ्या बायांनी हे गाणे जगाला दिले, हे त्यांना कोणीच सांगितले नाही. मीही नाही.

शाळांतल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : गाण्याआधी चार वाक्यांत एवढे सांगा. दोन मिनिटेही लागत नाहीत. मी येत्या २६ जानेवारीला माझ्या जुन्या शाळेत जाणार आहे. मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे, आणि आयांना कुंपणाबाहेर न ठेवता पुढच्या रांगेत बसवा, एवढे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर