शिबिरातला पाय आणि दुसरं माप

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्ह्याच्या पानावर जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय बसवण्याच्या शिबिरांच्या बातम्या अधूनमधून असतात. लाभार्थी किती, पाहुणे कोण आणि टेबलावर मांडलेल्या पायांचा फोटो. आमची विनंती एवढीच, की त्यात आणखी एक ओळ छापावी : या मंडळींचं माप पुन्हा कधी आणि कुठे घेणार? आयोजकांनी सांगितलं नाही, तर वार्ताहराने विचारावं.

कारण पहिलं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा कप, कायमचं नसतंच. पाय कापल्यावर उरलेला भाग, ज्याला सर्जनपासून रुग्णापर्यंत सगळे स्टंप म्हणतात, पहिले सहा महिने ते वर्षभर आटत राहतो. सूज उतरते, स्नायू बारीक होतात. सॉकेट मात्र कडक प्लास्टिकचं आणि त्या एका दिवसाच्या मापाचं. गुडघ्याखालच्या पायात भार मुख्यतः गुडघ्याच्या वाटीच्या खाली असलेल्या जाड स्नायुबंधावर घ्यायचा असतो. नडगीची धार, बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा आणि स्टंपचं टोक यांना तो सोसत नाही. स्टंप बारीक झाला, की माणूस सॉकेटमध्ये खाली उतरतो आणि भार नेमका नको त्या जागी येतो. चालताना हवेचा आवाज येणं, वाटीच्या खालच्या कडेला दुखणं, बसवलेला पाय एकाएकी आखूड वाटणं ही त्याची लक्षणं.

पहिला उपाय साधा आहे : स्टंपवर घालायचे मोजे. ते १, ३, ५ प्लायचे (प्लाय म्हणजे जाडीचं माप) मिळतात. सकाळी एक घालायचा, दुपारपर्यंत सैल वाटलं तर त्यावर दुसरा. सुरकुती राहू द्यायची नाही. मोजे मिळत नाहीत म्हणून लोक जुन्या बनियनचे थर गुंडाळतात, आणि जिथे घडी पडते तिथेच फोड येतो. मोजे दहा प्लायच्या पुढे जायला लागले, की नवं सॉकेट करायची वेळ झाली. पाय काढल्यावर लाल डाग दिसणारच. दहा-पंधरा मिनिटांत गेला तर ठीक. तसाच राहिला, तर त्या दिवशी पाय पुन्हा चढवू नये. मधुमेहात संवेदना अनेकदा बोथट झालेली असते, दुखतच नाही. अशांनी हातातला आरसा धरून टोक रोज रात्री पाहावं. टोकावर भार नको, पण ते सॉकेटच्या तळाला टेकतच नसेल, तर तिथे सूज साचते, कातडी काळपट-खरखरीत होते, पाणी सुटतं. मलमं बदलत बसून त्याचा उपयोग होत नाही, सॉकेटच दुरुस्त करावं लागतं.

शिबिरापर्यंत पोचण्याआधीचे दोन-तीन महिनेही असेच वाया जातात. जखम भरल्यावर चार इंची क्रेप बँडेज (मांडीला सहा इंची) इंग्रजी आठच्या आकारात बांधायचं. टोकाला घट्ट, वर जाताना सैल, दर तीन-चार तासांनी सोडून नव्याने. गोल गोल गुंडाळलं तर मध्येच आवळतं, टोक फुगतं आणि फुगलेलं टोक सॉकेटमध्ये जात नाही. त्याहून वाईट म्हणजे घरच्यांनी मायेने गुडघ्याखाली दिलेली उशी. काही आठवड्यांत गुडघा वाकलेलाच आखडतो, आणि साधारण २५ अंशांच्या पुढे आखडला तर नेहमीचं सॉकेट बसवणं कठीण. उशी काढावी, खुर्चीत स्टंप लोंबता न ठेवता खाली फळी द्यावी, दिवसातून दोन-तीनदा वीस-तीस मिनिटं पालथं झोपावं. मांडीतून पाय गेलेल्यांना तर पालथं झोपणं टाळून चालणारच नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी असते, हे क्वचितच लिहिलेलं असतं.

चपलेचंही सांगायला हवं. पाय ज्या चपलेवर जुळवला, तिच्या टाचेच्या उंचीवर सगळा तोल अवलंबून असतो. बुटावर जुळवलेल्या पायाने अनवाणी उभं राहिलं, की गुडघा मागे ढकलला जातो. घरात, देवळात आपण चप्पल काढणारच. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला, तो अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं म्हणूनच. तेव्हा माप देतानाच कसं वावरणार ते सांगावं.

सगळ्यांना पाय लावलाच पाहिजे असंही नाही. मांडीतून पाय गेलेल्याला सपाटीवर चालायला सुमारे ६० टक्के जास्त शक्ती लागते. हृदय अशक्त असलेल्या वृद्धाने घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर वापरली, तर त्यात कमीपणा कसला? फोटोसाठी त्याला उभं करू नये.

आता पैशाचं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत मोठ्या माणसाला तेच साधन पुन्हा मिळायला साधारण तीन वर्षं जावी लागतात, आणि स्टंप तर वर्षात आटतो. मधल्या काळासाठी ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत दिव्यांगांसाठी राखलेला ५ टक्के निधी आहे. बऱ्याच ठिकाणी तो थोडा थोडा वाटून संपतो. त्यातून दुसरं सॉकेट आणि मोजे द्यावेत. अख्खा पाय लागत नाही : मॉड्युलर (सुटे भाग जोडून केलेल्या) पायात पाइप आणि पंजा तेच राहतात. जयपूर पद्धतीत सॉकेट आणि नडगी एकाच एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपची असते, ती नवी करून जुना पंजा पुन्हा बसवता येतो.

मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. पण सॉकेटची कड थोडी घासून घ्यायला गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून तिथे कोण जाणार? तेवढं काम जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात, महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी, नोंदणीकृत प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम अवयव बसवणारा तज्ज्ञ) बोलावून होऊ शकतं. शिबिराला परवानगी देतानाच तीन, सहा आणि बारा महिन्यांनंतरच्या तारखा आयोजकांकडून लिहून घ्याव्यात, आणि त्या आपण बातमीबरोबर छापाव्यात.

— एक प्रोस्थेटिस्ट आणि एक फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर